घोटा सोडा, कंबर धरा: कॉलिंगवूडच्या परदेशी खेळाडूंच्या वाटेने फूटी शिकताना

कबड्डीत चढाईपटूचा घोटा हाती लागला की टाळ्या पडतात. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, म्हणजे मेलबर्नकरांच्या 'फूटी'त, तीच पकड केली की शिट्टी वाजते आणि चेंडू समोरच्याच्या हातात जातो. गुडघ्याच्या खाली हात लावायचा नाही, खांद्याच्या वर लावायचा नाही. पण वीस वर्षं घोटा धरलेला हात ऐन वेळी घोट्याकडेच जातो. बाहेरून आलेल्या माणसाला इथे नवं शिकायला लागतो त्याहून जास्त वेळ जुनं सोडायला लागतो.

कॉलिंगवूड हा १८९२ साली स्थापन झालेला, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लब. मेलबर्नमध्ये माणूस एक तर यांचा असतो, नाहीतर यांच्या विरोधात. तिसरा पक्ष नाही. या क्लबने बाहेरच्या माणसांवर बरेच प्रयोग केले आहेत. आयर्लंडच्या डाउन परगण्यातून मार्टिन क्लार्क आला, कॉर्कहून मार्क कीन आला. महिला संघात मेयोची सारा रो आणि कॅव्हनची अॅशलिंग शेरिडन आल्या. हे सगळे गेलिक फुटबॉलवाले, म्हणजे आयर्लंडच्या देशी फुटबॉलचे. आणि टेक्ससहून आला २११ सेंटिमीटर उंचीचा मेसन कॉक्स, जो कॉलेजात बास्केटबॉल खेळत होता. २०१४ मध्ये तो क्लबात दाखल झाला, २०१६ च्या अॅन्झॅक डेला एसेंडनविरुद्ध पहिला सामना खेळला आणि पहिल्याच किकवर गोल मारला. २०२३ मध्ये ब्रिस्बेनला चार गुणांनी हरवून कॉलिंगवूडने अजिंक्यपद जिंकलं, त्या संघातही तो होता.

ही मंडळी व्यावसायिक. मोठे क्लब अशा खेळाडूंना ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, बाहेरून, 'कॅटेगरी बी रुकी' म्हणून घेतात. त्यासाठी आधीची तीन वर्षं फूटीच्या कुठल्याही स्पर्धेत नोंदणी असता कामा नये. तुम्हाला त्याची गरज नाही. पुण्या-नाशिकहून मेलबर्नला आलात, पोराला ऑसकिकमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या फूटी वर्गात, घातलंत आणि काठावर उभं राहून तुमचेही पाय शिवशिवायला लागले, तर उपनगरातल्या कुठल्याही क्लबाच्या सरावाला जाऊन उभं राहिलं तरी चालतं. सराव नोव्हेंबरपासून सुरू होतो, सामने एप्रिलच्या आसपास. मधले चार-पाच महिने पुरेसे आहेत, पण ते कशावर घालवायचे हे ठरवून घालवले तर.

चेंडू आणि सामान

चेंडू शेरिनच घ्या असं नाही, पण नाव तेच ऐकायला मिळेल. टी. डब्ल्यू. शेरिन यांनी १८८० च्या सुमारास कॉलिंगवूडमध्येच कारखाना काढून हा चेंडू बनवायला घेतला. पुरुषांसाठी ५ नंबर, महिलांसाठी ४ नंबर. ५ नंबरचा लांबीकडून घेर ७२० ते ७३० मिलिमीटर, आडवा घेर ५४५ ते ५५५. हवा ६२ ते ७६ किलोपास्कल, म्हणजे सायकलच्या पंपावर ९ ते ११ पीएसआय. नवीन लोक चेंडू दगडासारखा फुगवतात. मग झेल हातातून उडतो, पाय दुखतो आणि दोष स्वतःला दिला जातो. आधी प्रेशर बघा. चामड्याचा चेंडू ओल्या गवतावर भिजून जड होतो, म्हणून सरावाला सिंथेटिक बरा.

बूट साच्यातल्या रबरी स्टडचे. माउथगार्ड पहिल्या दिवसापासून. चष्मा असेल तर नंबरचे स्पोर्ट्स गॉगल चालतात का, ते क्लबला आधी विचारून घ्या. कॉक्सच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यानंतर उजेडाचा त्रास होतो म्हणून तो गॉगल लावून सर्वोच्च पातळीवर खेळला. तेव्हा चष्मा हे काही घरी बसायचं कारण नाही.

ड्रॉप पंट: पहिला महिना फक्त हाच

फूटीत आज बहुतेक सगळ्या किक ड्रॉप पंटच असतात. चेंडू उभा सोडायचा, खालच्या टोकावर पाय मारायचा, म्हणजे तो उलटा गिरक्या घेत सरळ जातो. ऐकायला सोपं वाटतं. पण आयरिश खेळाडूही नेमके इथेच अडकतात. गेलिक फुटबॉलमध्येही हातातूनच किक मारतात, पण तो चेंडू गोल. तो कसाही सुटला तरी पायाला सारखाच लागतो. अंडाकृती चेंडू सोडताना दहा अंश कलला तरी पुढे तो कुठे जाईल याचा भरवसा नाही. किक बिघडली की बघणाऱ्याचं लक्ष पायाकडे जातं, पण चूक बहुतेक वेळा हातातच झालेली असते.

उजव्या पायाने मारणाऱ्याच्या हिशेबाने कृती अशी. चेंडू उभा धरा, खालचं टोक जमिनीकडे, वरचं टोक किंचित तुमच्याकडे झुकलेलं. तळवे दोन्ही बाजूंना, बोटं पसरलेली, अंगठे वरच्या अंगाला. लेस कुठल्या बाजूला ठेवायची यावर मतं अनेक आहेत. तुम्ही एक बाजू ठरवा आणि दरवेळी तीच ठेवा, म्हणजे न बघता हाताला कळतं. चेंडू पोटासमोर धरायचा नाही, उजव्या मांडीच्या रेषेत धरायचा. लक्ष्याकडे सरळ आठ-दहा पावलं धावा. शेवटच्या पावलाला डावा हात बाजूला होतो आणि उजवा हात चेंडूला कमरेच्या उंचीपासून खाली नेऊन सोडतो. वर उडवायचा नाही, टाकायचा नाही. भरलेला तांब्या ओट्यावर ठेवावा तसा सोडायचा. जमिनीपासून वीत-दीड वीत वर असताना पाय लागला पाहिजे. पंजा ताणलेला, बोटं पुढे रोखलेली, चेंडू बुटाच्या लेसखालच्या कडक हाडावर. मारून झाल्यावर पाय लक्ष्याच्याच दिशेने वर जाऊ द्या.

किक मारण्याआधी एक चाचणी करा. गवतावर उभं राहून कमरेच्या उंचीवरून चेंडू उजव्या हाताने नुसता सोडा. तो उभा पडला तर टप्पा घेऊन साधारण सरळ वर येतो. कलता पडला तर बाजूला पळतो. वीसपैकी पंधरा वेळा सरळ वर आला की मगच पाय उचला. हे कंटाळवाणं आहे हे खरं, आणि म्हणूनच कोणी करत नाही.

पुढे दहा-बारा मीटरवर जोडीदार उभा करा आणि निम्म्याहून कमी ताकदीने मारा. सुरुवातीला एका दिवशी तीस-चाळीस किकपुरेच. उत्साहात दीडशे मारल्या की मांडीचा स्नायू धरतो आणि तीन आठवडे वाया जातात.

बिघाड ओळखायच्या खुणा साध्या आहेत. चेंडू हेलिकॉप्टरसारखा आडवा फिरत गेला, तर तो डाव्या हाताने किंवा दोन्ही हातांनी सुटला आहे. आकाशात गेला आणि जवळच पडला, तर तुम्ही मागे रेललात किंवा पाय फार वर लागला. 'थप्प' असा मेलेला आवाज आला, तर पंजा सैल होता. सतत डावीकडे वळत असेल, तर पाय अंगासमोरून आडवा फिरतोय; ही सॉकरची सवय, चेंडू वळवण्यासाठी अंगात मुरलेली. सॉकरवाल्यांनी दोन-तीन आठवडे धाव न घेता, एका पावलावरून मारावं, म्हणजे नितंब आपोआप लक्ष्याकडे सरळ राहतो.

गोलासाठी मारताना एक हिशेब डोक्यात असू द्या. दोन उंच खांबांमधलं अंतर ६.४ मीटर. त्यांच्यामधून गेली तर गोल, सहा गुण; त्यांच्या बाहेरच्या आखूड खांबांच्या आतून गेली तर एक गुण. समोरून ४० मीटरवरून मारलेली किक दोन्ही बाजूंना साडेचार अंशांपर्यंतच चुकू शकते. त्यापुढे सहा गुणांचा एक गुण होतो. साडेतेरा अंशांपुढे तोही नाही. म्हणून अंतर वाढवायची घाई नको. २० मीटरवरून दहापैकी आठ गेल्या की ३० वर जा.

हँडबॉल: फेकायची खोड मोडा

चेंडू फेकता येत नाही. एका तळव्यावर धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने हाणायचा, यालाच इथे हँडबॉल म्हणतात. बास्केटबॉल, क्रिकेट किंवा हँडबॉल नावाचा तो दुसरा खेळ खेळलेल्यांचा हात दबावाखाली हमखास फेकतो, आणि गंमत म्हणजे फेकलं हे त्यांच्या स्वतःच्या लक्षातही येत नाही. कारण बहुतेक वेळा मूठ लागलेली असते, पण त्याच क्षणी खालचा हातही पुढे ढकललेला असतो. अंपायर खालचा हात बघतो.

डावा तळवा वर, चेंडू आडवा, कमरेच्या जरा वर. उजवी मूठ वळा, अंगठा बाहेर. आत राहिला तर मोडतो. मुठीची अंगठा आणि तर्जनीकडची सपाट बाजू चेंडूच्या मागच्या टोकाच्या किंचित खाली लागू द्या, म्हणजे हाही उलटा फिरत जातो आणि समोरच्याला झेलायला सोपा पडतो. डावं पाऊल पुढे, गुडघे वाकलेले. मारल्यावर मूठ डाव्या तळव्यात येऊन थांबली पाहिजे. म्हणजे तळवा जागेवर होता याची खात्री. घराच्या भिंतीवर खडूने ताटाएवढं वर्तुळ काढा, पाच मीटरवरून उजव्याने पन्नास आणि डाव्याने पन्नास. शेजारी कटकट करतील तर पार्कातली भिंत शोधा.

मार्क, म्हणजे झेल

किक किमान १५ मीटर आली आणि मधे कोणाचा हात न लागता तुम्ही स्वच्छ झेललीत, की तो मार्क. मग शांतपणे किक मारायला मिळते. क्रिकेटवाल्यांना उंच झेलाचा अंदाज असतो, ही मोठी शिदोरी. पण आपल्याकडे बरेच जण उंच झेल छातीशी, करंगळ्या जोडून घेतात. इथे तसा घेतलात तर मागून येणारी मूठ चेंडू उडवते, आणि ते नियमात बसतं. तोंडाच्या पुढे, हात लांब करून, अंगठे जवळ आणि बोटं वर, असा झेल हवा. छातीवरचा झेल पाऊस असेल किंवा आसपास कोणी नसेल तेव्हा.

कॉक्सचं भांडवल नेमकं हेच होतं. २०१८ च्या प्रिलिमिनरी फायनलमध्ये, म्हणजे उपांत्य सामन्यात, एमसीजीवर, गतविजेत्या रिचमंडपुढे त्याने दुसऱ्या क्वार्टरमध्ये तीन गोल मारले. मागे-पुढे माणसं असताना तो डोक्यावरून चेंडू काढत राहिला. उंची देवाची, पण हात शेवटपर्यंत ताणलेला ठेवणं बास्केटबॉलच्या रिबाउंडचं. आपल्याकडच्या उंच व्हॉलीबॉलपटूने हे लक्षात घ्यावं. अंपायर चेंडू वर टाकतो तेव्हा उडी मारून तो आपल्या माणसाकडे ठोकणारा 'रक' हा स्मॅश मारणाऱ्याला साजेसा धंदा आहे. फक्त जोरात हाणू नका. बोटांनी, हलक्या हाताने, ठरवलेल्या जागी टाका.

धावताना टप्पा

चेंडू घेऊन धावताना दर १५ मीटरला एकदा टप्पा द्यायचा किंवा तो जमिनीला टेकवायचा. क्रिकेटच्या दोन क्रीजमधलं अंतर १७.६८ मीटर, म्हणजे एक धाव पूर्ण व्हायच्या आत एक टप्पा. गेलिकवाल्यांना चार पावलांतच काहीतरी करावं लागतं, त्यामुळे त्यांना १५ मीटर ऐसपैस वाटतात. टप्पा देताना चेंडूचं पुढचं टोक जरा खाली झुकवा आणि एक हात वरून ढकलून पुढे टाका, म्हणजे तो हाताकडे परततो. पायाजवळ टाकलात तर गुडघ्याला लागून पळतो. चिखल असेल तर टप्पा विसरा, वाकून चेंडू जमिनीला टेकवा. उपनगरातल्या मैदानांवर हिवाळ्यात मध्यभागी क्रिकेटची झाकलेली खेळपट्टी असते. तिथे उसळी बदलते, हेही ध्यानात ठेवा.

टॅकल आणि टॅकल झाल्यावर

कबड्डीतली कंबर पकड इथे सोन्याची. घोटा पकड आणि कुस्तीतला पट मात्र घरी ठेवून या. जवळ जाताना पावलं लहान करा, नजर समोरच्याच्या कमरेवर (खांदे फसवतात, कंबर फसवत नाही), डोकं त्याच्या बाजूला. हात घालताना त्याचा एक हात आपल्या मिठीत अडकवा, म्हणजे त्याला हँडबॉल मारता येत नाही. मग त्याला बाजूला वळवून खाली आणा. मागून सरळ त्याच्या पाठीवर पडलात तर 'पुश इन द बॅक' हा फाउल. दोन्ही हात अडकवून गरकन फिरवून आपटलात तर धोकादायक टॅकल, आणि निलंबनही होऊ शकतं. डॅशची सवय असलेल्यांसाठी: चेंडू पाच मीटरच्या आत असेल तरच बाजूने धक्का चालतो, तोही खांद्याखालीच.

चेंडू तुमच्याकडे असताना पकडले गेलात, तर अंपायर आधी एकच गोष्ट बघतो: चेंडू सोडायला तुम्हाला संधी मिळाली होती का? मिळाली असेल तर लगेच किक किंवा हँडबॉल झालाच पाहिजे. नसेल तर निदान खरा प्रयत्न दिसला पाहिजे. नवा खेळाडू चेंडू मिळाला की पोटाशी घट्ट धरून बसतो, जणू कोणी साखळी ओढायला आलंय. मग प्रेक्षकांतून 'बॉऽऽल!' अशी आरोळी उठते आणि अंपायरही बहुधा तेच म्हणतो. सरावात चेंडू हाती आल्यावर मनात 'एक, दोन' मोजून सोडायचाच, असा नियम महिनाभर स्वतःला घाला.

डोक्याला मार लागला तर थांबा. कन्कशननंतर सामुदायिक पातळीवर किमान २१ दिवस सामना खेळता येत नाही, आणि याला पळवाट शोधू नये.

मार्कवर उभं राहणं

समोरच्याने मार्क घेतला की त्या जागेवर तुमच्यापैकी एकजण उभा राहतो. इथे घोळ घातलात तर काय होतं, ते १९८७ च्या प्रिलिमिनरी फायनलमध्ये जगाने बघितलं. मेलबर्न क्लबाचा जिम स्टाइन्स, डब्लिनहून आलेला, शेवटच्या क्षणांत मार्कवरून आडवा धावून गेला. १५ मीटरचा दंड झाला. हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराची अवघड किक आवाक्यात आली, सायरननंतर त्याने गोल मारला आणि मेलबर्न दोन गुणांनी हरलं. त्याच स्टाइन्सला चार वर्षांनी, १९९१ मध्ये, सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक मिळालं. चूक आडदांडपणाची नव्हती. गेलिकमध्ये मार्कभोवतीची ही शिस्तच नव्हती, त्यामुळे पाय आपसूक गेले.

आता दंड ५० मीटरचा आहे, आणि २०२१ पासून एएफएलमध्ये, म्हणजे सर्वोच्च लीगमध्ये, अंपायर 'स्टँड' म्हणाला की बाजूलाही सरकायचं नाही. तुमच्या लीगमध्ये हा नियम कसा लावतात ते पहिल्याच सरावाला विचारा. नसेल माहीत तर मार्कवर उभं राहूच नका, दुसऱ्याला जाऊ द्या.

कुठे खेळायला मागाल

मैदान १३५ ते १८५ मीटर लांब आणि ११० ते १५५ मीटर रुंद. ऑफसाइड नाही, चारी बाजूंनी माणसं येतात. कबड्डीच्या १३ गुणिले १० मीटरमधून आलेल्याची नजर इथे हरवते. म्हणून मधल्या फळीत पहिल्या वर्षी उभं राहू नका. तिथला खेळाडू मोठ्या सामन्यात १२ किलोमीटरच्या वर धावतो आणि दर क्षणाला मागचंही बघतो. मार्चपर्यंत दोन किलोमीटर नऊ मिनिटांत पळता आलं तर बाकीच्या जागांना पुरतं.

आयरिश खेळाडू बहुतेक हाफ-बॅकवर, म्हणजे बचावाच्या पुढच्या ओळीत, का दिसतात, याचं कारण साधं आहे. तिथे खेळ तुमच्या समोर असतो, पाठीमागे फारसा नसतो. चेंडू घेऊन पळायला मोकळी जागा मिळते आणि चुकलात तरी मागे सावरायला माणूस असतो. क्लार्क तिथेच रुळला. २००७ मध्ये पहिला सामना खेळून २००९ अखेर तो आयर्लंडला परतला. २०१० मध्ये त्याच्या डाउनने ऑल-आयर्लंड अंतिम सामना एका गुणाने गमावला आणि त्याच वर्षी इकडे कॉलिंगवूडने त्याच्याविना अजिंक्यपद जिंकलं. २०१२ मध्ये तो पुन्हा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत आला. कीनही बचावातलाच.

तेव्हा प्रशिक्षकाने विचारलं तर चपळ, पळणाऱ्या माणसाने हाफ-बॅक मागावं आणि धिप्पाड कबड्डीपटूने बॅक पॉकेट, म्हणजे आपल्या गोलाजवळचा बचावाचा कोपरा. उंच असाल तर फॉरवर्डमध्ये गोलाजवळ उभं राहून थोडा रक. पहिल्या सामन्यात एकच काम मागून घ्या: समोरच्या अमुक नंबरच्या माणसाला चेंडू मिळू द्यायचा नाही. चेंडू तुमच्याकडे आलाच, तर पाच मीटरवरच्या आपल्या माणसाला हँडबॉल. किक दुसऱ्या क्वार्टरला मारा.